पाडव्यापर्यंतचं भाडं

बँकेनं त्याला फसवलं, आणि बँकेच्या आधी मी.

सौदा पक्का झाला की तो उजवा हात पँटीला पुसायचा, माझ्या काउंटरवर पालथा ठेवायचा आणि म्हणायचा, "ठरलं थे ठरलं." मग हात उचलून घ्यायचा आणि गठ्ठे उतरवायला जायचा. एवढं झालं की त्याच्यापुरता तो विषय संपलेला असे. जगात कुठे काय उलथापालथ झाली तरी तो पुन्हा उघडायचा नाही.

तो टेम्पोवाला होता. कामठीच्या यंत्रमागांवरून माझ्या चादरींचे गठ्ठे इतवारीतल्या माझ्या दुकानात आणायचा. वय पंचावन्नच्या पुढे, अंगानं काटक, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे चिंधी बांधलेली. मी त्याला भाऊ म्हणायची, तो मला बाई.

माझंही सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मी खांद्यावर चादरी घेऊन धरमपेठेत दारोदार फिरले आहे. तिथल्या बायका निम्म्या भावावरून सुरुवात करायच्या, म्हणून मी दुपटीवरून करायला शिकले. आज दुकान माझ्या नावावर आहे. माझी जीभ तिखट आहे असं बाजार म्हणतो, आणि बाजार खोटं बोलत नाही. धंद्यात मी एकच नेम पाळला: समोरच्यानं मागितल्याशिवाय द्यायचं नाही. आणि मागितलं तरी निम्मंच द्यायचं.

असल्या माझ्यासमोर हा माणूस उभा राहायचा. त्याला भाव करता येत नव्हता, आणि करायचाही नव्हता. एकदा आम्ही कामठीहून येताना रस्त्यात संत्री घ्यायला थांबलो. विकणाऱ्या बाईनं भाव सांगितला तसा यानं खिशात हात घातला आणि पूर्ण पैसे दिले. बाई घाबरली. तिनं नोट उजेडात धरून उलटीपालटी करून पाहिली, मग खरी आहे म्हटल्यावर तिलाच लाज वाटली असावी, तिनं पिशवीत तीन संत्री जास्त टाकली. माझी घासाघीस दहा मिनिटं चालली आणि मला दोनच जास्त मिळाली. टेम्पोत बसल्यावर तो म्हणाला, "पाहा बाई, तुमी भांडून दोन आणले, मी मुका राहून तीन." मी त्या दिवशी इतवारी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

दसऱ्याच्या दिवसांत तो तीन दिवस कुणाचंच भाडं घ्यायचा नाही. दीक्षाभूमीवर लांबून आलेल्या माणसांना स्टेशनवरून नेऊन सोडायचा, फुकट. टेम्पो दुसऱ्याचा, डिझेल याच्या खिशातलं. मी रागावले की म्हणायचा, "माझे आजोबा पायी आल्ते बाई तिथं. मी गाडीवाला होऊन पैसे घेऊ काय?" मी माझ्या चादरी तीन दिवस उशिरा विकायची.

आमच्या बाजारात वर्षाचं भाडं गुढीपाडव्याला ठरतं. पाडवा ते पाडवा, तोंडी. मधे डिझेल वर गेलं, खाली आलं, तर दोघंही कुरकुरतात आणि थोडं इकडेतिकडे करून घेतात. तशी रीतच आहे. तुम्ही कुठल्याही बाजारात काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल की ठरलेल्या भावातही कुरकुरीला जागा ठेवलेली असते. याला ती जागा दिसत नसे. माझ्याकडे सहा वर्षं होता. सहा वर्षांत मधेच येऊन कधी "बाई, जमत नाई" म्हणाला नाही.

ज्या पाडव्याचं मी सांगते आहे, त्याच्या आदल्या आठवड्यात सुताचा व्यापारी माझ्या दुकानात चहा प्यायला आला होता. जाताना हळूच म्हणाला की तिकडे तेलाच्या देशांत लढाईची लक्षणं आहेत, तेल चढणार, सूत भरून ठेवा. आमच्या सुतात अर्धं तेलच असतं, पॉलिस्टर. मी सूत भरलं. आणि तेच डोकं वापरून भाडंही भरून ठेवलं.

पाडव्याला मी त्याला पेढा दिला आणि म्हणाले, "भाऊ, दरवर्षी काय ते बोलायचं. या वेळी दोन वर्षांचं ठरवू. दोन वर्षं माझा सगळा माल तुम्हीच आणायचा, दुसऱ्या कुणाला गठ्ठा देणार नाही. भाडं मात्र सध्याचंच."

त्याचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर संशय आला, मीच कुठे चुकले तर नाही ना. चुकले नव्हते. त्याला स्वतःचा टेम्पो घ्यायचा होता. आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवलेला माणूस. दोन वर्षांचं काम नक्की आहे म्हटल्यावर त्याला धीर आला. त्यानं हात पुसला, काउंटरवर ठेवला. "ठरलं थे ठरलं."

कर्जासाठी मीच त्याच्यासोबत बँकेत गेले. हा एकटा गेला असता तर साहेबानं सांगितला तो दर घेऊन, वर आभार मानून आला असता. कामठीचं दोन खोल्यांचं घर तारण ठेवायचं होतं. साहेब म्हणाले, दोन प्रकार आहेत, एक शेवटपर्यंत स्थिर दर, दुसरा बदलता. बदलता थोडा कमी पडतो. मी म्हटलं, कमीच द्या, आणि त्यातही सोडा. अर्धा तास भांडले. साहेबांना घाम आला, त्यांनी वर फोन लावला, शेवटी पाव टक्का सोडला. मी जिंकून बाहेर पडले. तो इतका वेळ भिंतीला टेकून, मान खाली घालून उभा होता, जणू भांडणात त्याचीच लाज निघत होती. बाहेर आल्यावर त्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, "तुमच्यानं वाचलो बाई."

तेल चढणार हे मला माहीत होतं. तेल चढलं की व्याजही चढतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

टेम्पो आला. पिवळा, नवा. मागे त्यानं निळ्या रंगात चक्र काढून घेतलं, चोवीस आऱ्या मोजून. पहिला गठ्ठा चढवण्याआधी त्यानं आत गोणपाट अंथरलं, चादरींसाठी नव्हे, टेम्पोला ओरखडा पडू नये म्हणून.

मग खरंच कुठेतरी दूर लढाई सुरू झाली आणि पंपावरचा आकडा रोज सकाळी बदलू लागला. थोडा थोडा, पण रोज. मी वाट पाहत होते. हा आता येईल, कुरकुरेल, मी कपाळाला आठी घालीन, तो एवढं म्हणेल, मी तेवढं म्हणेन, आणि शेवटी थोडं वाढवून देईन. किती वाढवायचं ते माझं ठरलेलं होतं. आठवडे गेले. तो यायचा, गठ्ठे उतरवायचा, पाणी प्यायचा, जायचा.

एक मात्र मला दिसलं. तो उतारावर इंजिन मोकळं सोडून गाडी नुसती घरंगळू द्यायला लागला होता. कामठीचा रस्ता सपाट, पण या माणसानं त्यात असे असे उतार शोधून काढले होते की रस्ता बांधणाऱ्यालाही ठाऊक नसतील. मी एकदा शेजारी बसले असताना लांबचं एक झाड दाखवून म्हणाला, "इथून त्या झाडालोक फुकट हाय बाई." त्याच्या तोंडावर गंमत होती. मला हसायला आलं आणि हसून झाल्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

म्हणाल, तू देऊन टाकायचं होतंस. सोपं आहे म्हणायला. तोपर्यंत माझंही नरडं आवळलं होतं. भरलेलं सूत संपलं, नवं सूत दीडपट. गिऱ्हाईक दुकानात यायचं, चादरीवरून हात फिरवायचं आणि भाव ऐकून परत जायचं, कारण घरात गॅस, तेल, भाजी सगळंच वर गेलेलं. धंद्यासाठी बँकेकडून उचललेल्या रकमेवरही व्याज चढलं. मी भांडायला निघाले. सुताचा व्यापारी म्हणाला, वरून आलंय. पंपावरच्या माणसाला मी चिडून विचारलं, एकदम टाकी भरते, काय कमी करता? तो इतका हसला की त्यानं पलीकडच्या नळीवरच्या माणसाला हाक मारून ते सांगितलं. तोही हसला. आयुष्यात पहिल्यांदा मला असा भाव भेटला ज्याच्यामागे माणूसच नव्हता. ज्याच्याशी भाव करता येत होता असा एकच माणूस उरला होता, आणि तो काही मागत नव्हता.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात तो बँकेचं पत्र घेऊन आला. खुशीत होता. व्याज वाढलं, पण हप्ता तेवढाच ठेवला आहे, फक्त मुदत वाढवली आहे, असं त्यात होतं. "भले लोक हायेत बाई. हप्त्याले हात नाई लावला." मी पत्र खालपर्यंत वाचलं. मुदत त्याच्या सत्तरीच्या पुढे जात होती, आणि तितक्या वयापर्यंत बँक कर्ज ठेवत नाही, म्हणून पुढच्या महिन्यापासून हप्ताही वाढणार होता. हे खाली, दुसऱ्या पानावर होतं. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पुना वाचा."

आम्ही त्याच साहेबांकडे गेलो. साहेब तरुण, सभ्य, आवाज न चढवणारे. मी विचारलं, "व्याज वाढवल्यानं समुद्रापलीकडचं तेल स्वस्त होतं का?"

"नाही मॅडम, तेल आपल्या हातात नाही," ते म्हणाले. त्यांनी एका कोऱ्या स्लिपच्या मागे बाण काढायला सुरुवात केली. तेल महागलं की भाडी वाढतात. भाडी वाढली की भाजी महागते. भाजी महागली की मजूर मजुरी वाढवून मागतो. मग प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून आपला दर वाढवतो आणि ते थांबतच नाही. म्हणून मुंबईची मोठी बँक व्याज वाढवते, म्हणजे लोक हात आखडतात. लोकांच्या मनात एकदा बसलं की भाव आवरले जाणार आहेत, मग कुणी वाढवून मागत नाही.

मी म्हटलं, लोकांनी हात आखडलाच आहे, माझ्या दुकानात येऊन पाहा. साहेब म्हणाले, तो परिणाम दिसायला वेळ लागतो. मी म्हटलं, मला रोज दिसतो.

तो इतका वेळ स्लिपवरचे बाण बघत होता. शाळेत फळ्याकडे बघावं तसा. मग म्हणाला, "म्हंजे ताप त्यायले, अन् सुई मले?"

साहेबांनाही हसू आलं. "सुई सगळ्यांनाच आहे, काका."

"थे बरोबर हाय." त्यानं स्लिप साहेबांकडे परत सरकवली. "पण साहेब, मी तं वाढवून मागतलंच नाई."

साहेबांना कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले, मी समजावून सांगीन म्हणून. समजावून सांगायचं तर सांगावं लागलं असतं की हा माणूस सव्वा वर्षापूर्वी ठरलेल्या भाड्यानं माल आणतो आहे, आणि कुणाचा. तुमच्या मोठ्या बँकेला देशात जसा माणूस हवा आहे तो हा, तुमच्यासमोर बसला आहे, यानं एका पैशानं भाव वाढवला नाही, आणि सुई तुम्ही यालाच टोचता आहात. हे सगळं मला त्या वेळी तिथे बसल्या बसल्या सुचलं होतं. जिनं अर्धा तास भांडून पाव टक्का सोडवला तीच मी. मी पदर सावरला आणि म्हणाले, "चला भाऊ."

बँकेच्या पायऱ्यांवर मी विचारलं, "भाड्याचं काही बोलायचं आहे का, भाऊ?" मी त्याला दार उघडून देत होते. त्यानं नुसतं हो म्हणायचं होतं.

"काहून?" तो म्हणाला. "पाडव्यालोक ठरलं हाय ना." आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच काहीतरी गैर मागते आहे. मी वाढवून देते, एवढे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. न मागता दिलं तर मग मी मी कसली, असं काहीतरी डोक्यात होतं. लिहिताना आज हात आखडतो आहे, पण तेच होतं.

त्या दसऱ्यालाही तो तीन दिवस आला नाही. स्टेशन ते दीक्षाभूमी, फुकट. त्या भावाचं डिझेल जाळून.

संक्रांतीनंतर एक दिवस दुकानासमोर हिरवा टेम्पो उभा राहिला. शेजारच्या जागेवरून तो उतरला, चालवणारा दुसराच कुणी. मी विचारलं, तर म्हणाला, आपली गाडी दुरुस्तीले दिली हाय. एक आठवडा, दोन आठवडे, महिना झाला. एकदा तो गठ्ठे आत नेत असताना मी त्या चालकाला सहज विचारलं की कामठी ते इतवारी काय भाडं घेता. त्यानं सांगितलेला आकडा मी देत होते त्याच्या दीडपट होता. कोण देतं, विचारलं. त्यानं मानेनं आत दाखवलं. "थेच देतात काका. त्याईची गाडी कवाचीच विकली."

मी दुकानात गेले आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडले. अशी ओरडले की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. तुम्हाला अक्कल आहे का, गाडी विकली, बोलला नाहीत, माझ्या मालासाठी पदरचे पैसे घालता, मी काय भिकारीण आहे का. तो गठ्ठ्यावर बसून ऐकत होता. माझा श्वास संपल्यावर म्हणाला, "घर वाचलं ना बाई. गाडी गेली तं गेली."

मी गल्ल्यातून हाताला येतील तेवढ्या नोटा काढल्या आणि त्याच्यापुढे धरल्या. माझ्या उभ्या आयुष्यात मी न मागता दिलेलं ते पहिलं. त्यानं माझा हात हळूच बाजूला केला. "आता महिनाच उरला. कायले बिघडोता?"

महिनाभर तो हिरवा टेम्पो येत राहिला. मी त्या चालकाला परस्पर पैसे द्यायचा प्रयत्न केला, त्यानं घेतले नाहीत, काकांनी शपथ घातली आहे म्हणाला. शेवटच्या खेपेला सगळे गठ्ठे त्यानं स्वतःच्या पाठीवरून आत आणले, रांगेत लावले, एक वाकडा होता तो सरळ केला. पाडव्याला मी बाजारभावापेक्षा वरचं भाडं ठरवून बसले होते. तो आला, पाणी प्याला. मी बोलायला लागले तसा हसला. "गाडीच नाई, तं भाडं कायचं ठरवता बाई?" आणि गेला. आता कन्हानला कुणा ठेकेदाराचा कोळशाचा ट्रक चालवतो असं माझे विणकर सांगतात. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तो खाणीवर गेलेला होता, किंवा तसं सांगायला लावलं होतं.

पुढे तेल उतरलं. पेपरात आलं होतं. पंपावरचा आकडा मात्र उतरला नाही, आणि व्याजही नाही. फार उशिरा, अगदी सावकाश, एकेक पायरी करत ते खाली आलं. मागच्या महिन्यात बँकेतून मला फोन आला. नवे साहेब होते. मॅडम, दर कमी झालेत, आता कर्ज घ्यायला चांगली वेळ आहे.

मी कर्ज घेतलं नाही. मी बँकेला अर्ज लिहिला. चार पानं, माझ्या हातानं. भाडं मी कसं ठरवलं तेही त्यात लिहिलं, साहेबांसमोर मी गप्प का बसले तेही. आणि विचारलं, ज्या माणसानं दोन वर्षं भाव वाढवला नाही, त्याची गाडी भाव आवरण्यासाठी का गेली. ती गेल्यानं भाव किती आवरला. जेवढा आवरला असेल तेवढा मला दाखवा.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दर वरिष्ठ निर्देशांनुसार बदलण्यात आले असून आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे. खाली एक ओळ होती: हे पत्र संगणकाद्वारे तयार केलेले असल्याने यावर सहीची आवश्यकता नाही.

ते पत्र मी परत पाठवते आहे. मी ज्यांना ज्यांना शिव्या दिल्या त्यांची तोंडं मी पाहिलेली आहेत, आणि त्यांनी माझं. तेल चढवणारा मी पाहिला नाही, व्याज चढवणाराही नाही. पण हे झालं ते योग्य झालं असं कुठेतरी, कुठल्यातरी खुर्चीत बसलेल्या एका तरी माणसाला वाटलं असणार. त्या माणसानं या पत्राखाली स्वतःच्या हातानं आपलं नाव लिहावं आणि सही करून मला पाठवावं. आवश्यकता आहे. मला आहे.